राजाच्या नांगराचा फाळ

फार पूर्वी चीनदेशातल्या युंगच्वान नगरावर चंग राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व त्याचा प्रधान होता, आणि लोक त्याला यानशू म्हणून ओळखत.

यानशूने जुन्या आचार्यांचे विचार मन लावून अभ्यासले होते. सुगीत राजाने धान्य घ्यावे आणि टंचाईत ते सोडावे, म्हणजे साठेबाजांचे फावत नाही, हे त्याला पटले होते. त्याने तशी कोठारे बांधली आणि पुराच्या वर्षी कुणी उपाशी मेले नाही. मग त्याला वाटले, धान्याचे जमले ते लोखंडाचे का जमू नये? डोंगर बळकावून बसलेल्या व्यापाऱ्यांकडून त्याने खाणी काढून घेतल्या, एकच राजभट्टी उभारली आणि गावोगावच्या लोहारांच्या भट्ट्या विझवल्या. काही पंडित म्हणाले, "राजाने प्रजेच्या धंद्यात उतरू नये." यानशू त्यांना हसला.

तीन वर्षांनी सूलान नावाची शेतकरीण त्याच्या कचेरीत आली आणि तिने मोडका फाळ त्याच्यापुढे आदळला. यानशू दचकलाच.

"प्रधानजी, हा तुमचा फाळ."

"दगड लागला असेल, बाई."

"दगड कुठला? भिजल्या मातीत मोडला. मातीपेक्षा तुमचं लोखंडच भुसभुशीत! गावच्या लोहाराने खोटा माल दिला, तर त्याच्या दारात जाऊन भांडता तरी यायचं. आता कुणाच्या दारात जाऊ? म्हणून तुमच्या आले."

यानशू स्वतः राजभट्टीवर गेला. तिथला अधिकारी कुओ अभिमानाने म्हणाला, "महिन्याला हजार फाळ ठरलेत, हजार देतो. एक कमी नाही." फाळ नीट तापवायला आणि ठोकायला वेळच कुणाला नव्हता.

यानशूने राजाला सगळे सांगितले. राजा म्हणाला, "योजना तुझीच ना? सीमेवरचं सैन्य या लोखंडावर उभं आहे. पुन्हा हा विषय काढलास तर डोकं जाईल."

यानशू घरी आला. त्याला भीती वाटत होती, पण तो मोडका फाळ काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

वसंतात राजा शेतात नांगराचा पहिला तास, म्हणजे पहिली रेघ, काढी. तो तास पुरा झाल्याशिवाय राज्यात कुणी नांगर धरायचा नाही, अशी रीत होती. राजाच्या नांगराचा फाळ एका म्हाताऱ्या लोहाराने भट्ट्या विझण्याआधी खास घडवलेला होता. आदल्या दिवशी यानशूने तो काढला आणि राजभट्टीतला बसवला.

राजा चार पावले चालला आणि खट्! पुरोहित ओरडला, "अपशकुन!"

"कुणी बसवला हा?" राजा गरजला.

"मी, महाराज."

"असला फाळ महाराजांच्या नांगराला?" मोडलेला तुकडा ओळखून गर्दीतला कुओ किंचाळला.

राजा सावकाश वळला. "असला म्हणजे कसला रे?"

कुओ दोन पावले मागे सरला.

यानशू म्हणाला, "महाराज, तुमच्याच भट्टीतला. शेकडो शेतांत हाच मोडला. तेव्हा कुणाला अपशकुन दिसला नाही. चूक माझी आहे, डोकं घ्या. पण खोटं बोलायला लावू नका."

तास अर्धवट ठेवता येत नव्हता. भट्टीतून दुसरा फाळ आणला, तो मोडला. तिसराही मोडला. सूर्य डोक्यावर आला. चिखलात उभ्या राजाने कपाळावरचा घाम पुसला.

"तुझी प्रधानकी गेली, यानशू," तो शेवटी म्हणाला.

"जाऊ द्या, महाराज. भट्ट्या पेटू द्या."

राजाने मोडलेल्या तिन्ही फाळांकडे पाहिले. मग त्याने हुकूम दिला, "त्या म्हाताऱ्या लोहाराला बोलवा. इथेच भट्टी लावा." शेताच्या बांधावर, राजाज्ञेने बंद असलेली आग राजासमोरच पेटली. त्या फाळाने तास पुरा झाला. धान्याची कोठारे राहिली आणि गावच्या भट्ट्याही मोकळ्या झाल्या.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. मग भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा चंग राजा तो आजचा विहारप्रमुख नंदिसेन. कुओ तो पात्रे मोजणारा भिक्षू कुंडल. सूलान ती उपासिका रोहिता, आणि प्रधान मीच होतो. परक्याची चूक कुणीही दाखवतो. आपणच उभारलेले चुकले, हे भीती असूनही भर सभेत म्हणणे, ही सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा."