उपरण्यातला नारळ

"यश येईल का, तेवढं सांगा बुवा. बाकीचं मी बघतो."

हे बोलणं संग्राम पैलवानाचं. गडी मांडी ठोकूनच बोलायचा. शेजारी त्याची बायको वनिता, खाली मान घालून.

"कशात यश?" मठाच्या सिदूबुवांनी विचारलं.

"मूल होण्याच्या उपचारात. सोमवारपासून सुरू. कोल्हापुरातला सगळ्यात मोठा डॉक्टर गाठलाय! आपण दुसऱ्या नंबरचं काही घेत नाही."

"तपासण्या झाल्या?"

"हिच्या सगळ्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीतूनसुद्धा बघितलं. काही सापडत नाही म्हणतात."

"आणि तुझी?"

पैलवान खो खो हसला. "माझी? ही छाती बघा की बुवा!"

"डॉक्टरांनी दोघांची सांगितली होती..." वनिता हळूच म्हणाली.

"तू गप."

ती गप्प झाली. सवयच होती. त्या घरात तिला कुणी बारशाला नेत नव्हतं, नणंदेच्या पोराला हात लावू देत नव्हतं. 'वांझ' हा शब्द तिच्या समोरच बोलायचे.

मठाची रीत अशी, की मूल मागायला आलेल्या बाईनं पदर पसरायचा आणि बुवांनी त्यात नारळ घालायचा. वनितानं पदर पसरला.

बुवांनी नारळ उचलला... आणि तिला ओलांडून पैलवानापुढे उभे राहिले.

"उपरणं पसर."

"मी?"

"तूच."

"अहो बुवा, ओटी बाईची भरतात!"

"पसर म्हटलं ना."

भोवतीची माणसं माना उंचावून बघायला लागली. एक म्हातारी तोंडाला पदर लावून फिसकन हसली. पैलवानाचे कान लाल झाले.

"चारचौघांत माझी शोभा करता होय?"

बुवा नारळ तसाच पुढे धरून उभे राहिले.

तेवढ्यात वनितानं पदर खांद्यावर घेतला, नीट खोचला आणि मान वर केली.

"सोमवारी मी येणार नाही," ती म्हणाली. "आधी तुमची तपासणी. तोवर एकही सुई टोचून घेणार नाही मी."

काय ताठ उभी होती हो बाई! मी तिथंच होतो. माझी कुणी लागत नाही ती, पण खोटं कशाला सांगू, अभिमानानं ऊर भरून आला माझा.

पैलवान तिच्याकडे बघतच राहिला. मग सावकाश त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पसरलं. बुवांनी नारळ त्यात ठेवला.

"बुवा..." एवढ्या मोठ्या गड्याचा आवाज पार बसला होता. "आणि दोष माझ्यातच निघाला तर?"

"तर आजवर ही जशी तुझ्या घरात राहिली, तसा तू राहून बघ."