तोच बँड

विट्यात रज्जाकभाई शिकलगारांच्या 'नादलहरी' बँडशिवाय वरात निघत नसे. एक दिवस पुण्याहून बोकीलसाहेबांची नोटीस आली. लग्नसमारंभ करून देणाऱ्या आपल्या मोठ्या कंपनीसाठी त्यांनी 'नादलहरी' हे नाव नोंदवून घेतलं होतं. बँडनं ते सोडावं, नाहीतर कोर्टात यावं, असा मजकूर होता.

साथीदारांचे चेहरे उतरले. कोर्टाच्या तारखा करत बसायचं, तर लग्नसराई हातची जाणार. रज्जाकभाईंनी एक रात्र विचार केला आणि पुण्याला जाऊन नाव सोडल्याच्या कागदावर निमूट सही केली.

"नवं नाव आमच्या नावासारखं वाटता कामा नये," बोकील खुर्चीत रेलून म्हणाले. "लोक विसरतील तुम्हाला, पण त्याला माझा इलाज नाही."

"एका अक्षराचंही साम्य ठेवत नाही, साहेब."

आठवडाभरात बँडच्या गाडीवर नवी पाटी चढली, 'तोच बँड'. मुलीकडचे विचारायचे, "यंदा बँड कुठला?" मुलाकडचे सांगायचे, "तोच." नवं नाव कुणाला शिकवावं लागलंच नाही.

बोकिलांच्या कानावर हे गेलं, तसा त्यांचा फोन आला. "ही फसवणूक आहे. लोकांना वाटतंय, तुम्ही जुनाच बँड आहात."

"आहोतच की, साहेब," रज्जाकभाई शांतपणे म्हणाले. "तुम्ही नाव मागितलंत, ते दिलं. वाजवणारे कुठे मागितले होते?"

नवरदेव घोड्यावर बसला होता. रज्जाकभाईंनी फोन खिशात टाकला आणि क्लॅरिनेट ओठांना लावलं.