गडगड्या-कुरतड्याचं जेवण

देव एक की दोन, यावरून करंजगडच्या राजवाड्यात दोन शास्त्र्यांनी एकमेकांच्या शेंड्या धरल्या होत्या.

देव अगदी नवा होता. धोंडसेन महाराज अख्खा फणस खाऊन झोपले आणि स्वप्नात त्यांना धर्म सापडला. गडगड्या चंद्र घडवतो, कुरतड्या तो कुरतडतो. झाला धर्म! देऊळसुद्धा लगोलग उभं राहिलं.

"घडवणारा निराळा, कुरतडणारा निराळा. देव दोन," धुंडिराजशास्त्री म्हणाले.

"एकच," त्र्यंबकशास्त्री म्हणाले. "पौर्णिमेपर्यंत घडवतो, मग त्याला भूक लागते."

महाराजांना दोन्ही पटलं, म्हणून ते चिडले. त्यांनी मुदपाकखान्यातल्या आवडाबाईला बोलावलं. "आवडे, आज पहिला नैवेद्य. देव जितके, तितकीच पानं वाढ. बरोबर वाढलीस तर देव जेवतील. नाही जेवले, तर कढया उचलायच्या आणि राज्याबाहेर चालू लागायचं."

"पण देव किती, महाराज?"

"ते मला ठाऊक असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

आवडाबाईने एक पान वाढलं. गाभाऱ्याचं दार लावलं, थोड्या वेळाने उघडलं. पुरणपोळी जशीच्या तशी!

धुंडिराजशास्त्री टुणकन उडाले. "पंगतीत शेजारच्याला वाढलं नसताना कोणी घास घेतं का? दुसरा देव ताटकळलाय."

तिने दुसरं पान वाढलं. दार लावलं, उघडलं. पोळ्या तशाच.

"शास्त्रीबुवा," आवडाबाई म्हणाली, "तुमच्याच हिशेबाने आता तिसरा कोणीतरी ताटकळलाय."

"एकाचे तीन केलेत!" त्र्यंबकशास्त्र्यांनी डोक्याला हात लावला.

तिसरं वाढलं, चौथं वाढलं. दिवस कलला तेव्हा पानांची रांग गाभाऱ्यातून निघून नगारखान्याला टेकली होती. नैवेद्याआधी कोणी जेवायचं नाही, म्हणून अख्खा दरबार उपाशी. महाराजांच्या पोटातले कावळे तर बाहेर ऐकू येत होते.

"आवडे, एकही देव जेवला नाही. उचल कढया."

"उचलते. पण महाराज, आजचे यजमान कोण?"

"मीच."

"मग सकाळपासून एकदा तरी 'सावकाश होऊ द्या' म्हणालात? यजमानाने म्हटल्याशिवाय घरंदाज देव जेवायला सुरुवात कशी करतील?"

महाराज ओशाळले. गाभाऱ्याकडे हात जोडून म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

तोंडातून शब्द निघायचा अवकाश, दोन्ही शास्त्री जवळच्या पानांवर बसून भुरकायला लागले! महाराज मात्र गाभाऱ्यात डोकावायला धावले. आवडाबाईने धाडकन दार ओढून घेतलं.

"अहो, जेवणाऱ्याच्या पानात बघायचं नसतं."

"मग आत एक जेवतोय की दोन, ते कळणार कसं?"

"पंगतीला बसलेल्यांची डोकी मोजतो, तो कसला यजमान, महाराज?"

 महाराज असे हसले, असे हसले, की नगारखान्याजवळच्या शेवटच्या पानावरची कढी हिंदकळली. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून आवडाबाईला दिलं. शिवाय एवढी भांडी घासायला दोन शास्त्री दिले.