कणगीतला वाटा

फार फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनीही कान द्यावा, कारण हिच्यातली चूक मोठ्यांचीच आहे.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. घरं अलीकडच्या काठावर, शेतं आणि बाजार पलीकडे. सगळ्यांना रोज नावेतून जावं-यावं लागे. म्हणून गावातल्या प्रत्येक पोराला पोहता आलंच पाहिजे, अशी रीत होती. सुगी झाली की प्रत्येक घरातून पायलीभर धान्य गावाच्या कणगीत पडे. पोहायला शिकवणाऱ्या गुणाजीचं पोट त्यावर चाले आणि पोरांच्या पाठीला बांधायचे सुके भोपळेही त्यातूनच येत.

पण गुणाजी एकटा आणि पोरं ढीगभर. भिवरा नावाच्या बाईची लेक ठकी रोज नदीवर जाई आणि नुसती काठावर बसून कोरडीच परत येई. तशात वरच्या अंगाला, डोहावर, एक नवे गुरू आले. ते मोजकीच पोरं घेत, पण शिकवत झकास.

भिवरा चावडीवर गेली. म्हणाली, "पाटील, माझ्या वाट्याचं धान्य मला द्या. लेकीला मी डोहावर घालते. भीक नाही मागत, माझंच मागते."

तिचं दुखणं खरं होतं. कुठल्याही आईनं हेच केलं असतं.

तिथे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अगं भिवरे, मला ना मूल ना बाळ. मी कुणासाठी घालते गं पायली?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक, आजी. मला माझ्या लेकीची काळजी."

पाटील भला माणूस होता, पण कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येई. गुणाजीच्या हाताखाली आणखी एक माणूस द्यावा, हे त्याला सुचलंच नाही. तो म्हणाला, "ज्यानं पोर न्यावं, त्यानं आपलं धान्यही न्यावं." सगळे खूश होऊन घरी गेले. अशा भल्या माणसांचा मला फार राग येतो.

गुरूंना एका वाट्याचं धान्य पुरत नसे; ज्यांना त्यावर आणखी भर घालणं जमलं, त्यांनी पोरं डोहावर नेली. त्यातलीही धीट तेवढी गुरूंनी ठेवून घेतली. भित्री, लंगडी, दमेकरी पोरं त्यांनी परत पाठवली. इकडे कणगी तळाला गेली. भोपळे फुटले, नवे आले नाहीत. गुणाजी पोटासाठी परगावी गेला. उरलेली पोरं पाण्याला शिवेनाशी झाली.

ठकी मात्र मासोळीसारखी पोहू लागली. भिवरेला वाटलं, आता काळजी मिटली.

पुढे एकदा बाजाराच्या दिवशी भरली नाव खडकावर आपटून उलटली. ठकी सहज काठाला लागली असती. पण शेजारचा छोटा सुभान्या बुडता बुडता तिच्या गळ्याला बिलगला. पोहता न येणाऱ्याच्या हाती जे लागतं, ते तो सोडत नाही. दोघंही खाली जाऊ लागली. शेवटी ठकीनं त्याची बोटं सोडवली आणि ती वर आली. सुभान्या आला नाही.

काठावर भिवरेनं लेकीला पोटाशी धरलं. म्हणाली, "वाचलीस गं बाई."

ठकी म्हणाली, "आई, त्याचा हात मी सोडवला. त्याला थोडं जरी येत असतं, तर मी त्याला आणलं असतं."

दुसऱ्या दिवशी भिवरा परगावी गेली आणि गुणाजीच्या पाया पडून त्याला परत घेऊन आली. शिवाय पाटलानं त्याच्या हाताखाली आणखी माणूस दिल्याशिवाय ती चावडीवरून उठली नाही. पण ठकी पुन्हा कधी पाण्यात उतरली नाही.

मुलांनो, ज्यांना एकाच नावेतून जायचं आहे, त्यांनी सगळ्यांच्याच पोरांना पोहायला शिकवावं.