तीन तळ्यांचा करार

फार जुन्या काळी तीन तळ्यांच्या प्राण्यांनी मिळून करार केला, की दूरदेशीच्या हंसांना कुणी मारायचं नाही. खूण म्हणून प्रत्येक मुखियाने चिखलात पंजा उमटवला. मधल्या तळ्याचा भुरकोबा कोल्हा त्यात सर्वांत पुढे होता.

थंडीत एक दमलेली हंसीण त्याच्याच काठावर उतरली. कोल्हीण म्हणाली, "बघता काय? पोरं उपाशी आहेत."

"अगं, मी शब्द दिलाय."

"तो तिकडे दिलात. इथं कोण बघतंय?"

भुरकोबाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. हंसीण म्हणाली, "भाऊ, वरच्या तळ्यावरच्या लांडग्यांचीही पोरं उपाशीच होती. तरी त्यांनी मला जाऊ दिलं."

भुरकोबा उठला आणि पोरांना घेऊन खेकडे शोधायला निघाला.