एकाच तळ्याची दोन गावं

कुणाच्याच आजीला आठवणार नाही इतक्या जुन्या काळी एका तळ्याच्या दोन काठांवर दोन गावं होती. पहाटे तळ्यावर धुकं उतरलं की पलीकडचं गाव दिसेनासं व्हायचं. मग प्रत्येक गावाला वाटायचं, जगात आपणच तेवढे आहोत.

गावात पटकी आली की लोक देवीचा गाडा सजवत आणि वाजतगाजत पलीकडच्या गावाच्या शिवेवर सोडून येत. "जा माये, आता तिकडं जा!" पलीकडचे काय कमी शहाणे! थोड्याच दिवसांत गाडा पुन्हा इकडे. गाड्याची चाकं झिजली, पटकी काही हटेना.

एका वर्षी ठकी नावाची चिमुरडी आजारी पडली. जुलाब, उलट्या, डोळे खोल गेलेले. बाप गाडा ओढायला गेला. आई तिचे घाण झालेले कपडे घेऊन पहाटे तळ्यावर आली.

धुक्यातून एक म्हातारी कासवी वर आली. "बाई गं, इथं नको धुऊस."

"मग कुठं धुऊ? सगळं गाव इथंच धुतं."

"ऐक जरा."

पलीकडे कुणीतरी घागर बुडवत होतं. बुडबुड, बुडबुड.

"तीही आईच आहे," कासवी म्हणाली. "परवा तिनं लेकराचे कपडे धुतले, काल तू घागर भरलीस. गाडा काठानं फिरतो, दुखणं पाण्यातून जातं."

आईने कपडे पाण्यापासून मागे ओढले. लेकीला हे पाणी आपणच पाजलं, या विचाराने तिला रडू कोसळलं.

मग कासवीने सांगितलं तसं तिने कपडे तळ्यापासून दूर खोल पुरले. राखेने हात चोळून धुतले. पाणी खळखळ उकळून निववलं, त्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा विरघळवून ठकीला घोट घोट पाजत राहिली. ठकीने डोळे उघडले, तशी आई तळ्याला वळसा घालून पलीकडे धावली.

तिथल्या आईची कूस रिकामी झाली होती.

दोघी गळ्यात पडून रडल्या. ठकीच्या आईने कासवीचं बोलणं तिला सांगितलं. मग ती दुसरी डोळे पुसून उठली आणि आपल्या गावाला म्हणाली, "माझं गेलं. तुमची तरी राखा. चूल पेटवा, पाणी उकळा, आणि तळ्यात कुणी घाण धुवायची नाही."

तिला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ठकीच्या आईनेही परतून आपल्या गावाला तेच सांगितलं. त्या वर्षीपासून दोन्ही काठांवरची लेकरं मोठी होऊ लागली.

तात्पर्य: रोग दुसऱ्याच्या शिवेवर ढकलून जात नाही, धुतलेले हात, उकळलेलं पाणी आणि शेजाऱ्याची काळजी यांनीच तो थांबतो.