राजाच्या नाकावरची गांधीलमाशी

पांघरूण घ्या अंगावर. मुक्ते, पाय आत. रोहू, सारखं खिडकीकडे बघू नकोस. ते गांधीलमाश्यांचं पोळं आहे तिथेच आहे. सकाळी केरसुणी घेऊन त्याला डिवचायला कोण निघालं होतं, ते मला ठाऊक आहे. मी ओरडणार नाही. मी गोष्ट सांगणार आहे.

एक होता राजा आणि एक होतं त्याचं नाक. नाक चांगलं मोठं, आणि राग कायम त्याच्या शेंड्यावर. वरणात मीठ कमी पडलं की राजाला राग. जास्त झालं तरी राग. अगदी बरोबर असलं, तर कालच असं का नव्हतं म्हणून राग. पण मनाने चांगला होता, बरं का. त्याच्या महालाच्या पुढच्या दाराला दगडी कमान होती. कमानीखाली गुळाची मोठी ढेप आणि पाण्याचा रांजण. उन्हातून कुणीही येवो, हमाल येवो की सरदार, आधी गूळ-पाणी द्यायचं, मग काम विचारायचं. पणजोबांपासूनची रीत होती ती. आणि ढेपेवर झाकण म्हणून ठेवायचं नाही. झाकण दिसलं तर लोक म्हणतील, राजाने हात आखडला.

राजाला एक मुलगी होती, बकुळा. तिचं लग्न शेजारच्या राज्यातल्या राजपुत्राशी ठरलं होतं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. का, सांगू? जत्रेत दोघं उंच पाळण्यात बसले, तेव्हा तो घाबरला आणि घाबरलो म्हणून सरळ सांगितलं त्याने. राजेलोक असं कधी सांगत नाहीत. वैशाखातला मुहूर्त धरला. पण त्यांच्याकडे एक अट होती. वऱ्हाड यायचं ते पुढच्या दाराने, कमानीखालून. मागच्या दाराने नेलं तर अपमान, आणि अपमान झाला की घोडा तसाच माघारी.

आणि एकदा काय झालं, त्याच कमानीत, बरोबर मधोमध, एक गांधीलमाशी आली. मग तिच्या दोन बहिणी आल्या. मग लेकी झाल्या. लाकूड चावून चावून त्यांनी कागदासारखं पोळं केलं, आणि बघता बघता ते जेवणाच्या ताटाएवढं झालं. खाली उभं राहायची सोय उरली नाही. आता वऱ्हाड येणार कुठून?

राजाचा राग आला नाकावर. त्याने सेनापतीला बोलावलं. सेनापती चिलखत घालून, लांब बांबू घेऊन आला. त्याने पोळ्याला एकच ढुसणी दिली. मग काय सांगू, पळता भुई थोडी झाली. चिलखताच्या आत दोन गांधीलमाश्या शिरल्या, आणि चिलखत काही लवकर निघत नसतं. सेनापती तसाच हौदात उतरला, आणि संध्याकाळपर्यंत त्याची फक्त शेंडी दिसत होती.

मग राजाने प्रधानाला बोलावलं. प्रधान हुशार माणूस. त्याने कमानीखाली सुक्या मिरच्यांची धुरी केली. गांधीलमाश्या उडाल्या, जाऊन समोरच्या पिंपळावर बसल्या. तेवढ्यात वारा फिरला. धूर गेला महालात. राणी खोकली, आचारी खोकले, घोडेसुद्धा खोकले. राजाने हुकूम द्यायला तोंड उघडलं, तर हुकूमही खोकल्यातच गेला. धूर विरल्यावर गांधीलमाश्या आरामात घरी परतल्या.

मग राजा म्हणाला, आता मीच बघतो. त्याने काय केलं असेल? त्याने दवंडी पिटवली. होय, गांधीलमाश्यांना. स्वतः कमानीखाली उभा राहिला, शेजारी मोठा ढोल. "ढम् ढम् ढम्! सूर्य मावळायच्या आत आमचं राज्य सोडून चालत्या व्हा!" ढोल वाजला तशी कमान थरथरली, कमान थरथरली तसं पोळं थरथरलं. एक गांधीलमाशी खाली आली. राजाने तिला फटका मारून चिरडलं. आणि बरं का, एक चिरडली की तिचा वास सुटतो, आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. राग जिथे बसायचा तिथेच, नाकाच्या शेंड्यावर, एकीने नांगी मारली. नाकाचं वांगं झालं. भरताचं.

राजा आडवा पडला आणि म्हणाला, "लग्न मोडा."

बकुळेच्या तोंडचं पाणी पळालं. ती खोलीत जाऊन खूप रडली. रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं आणि कमानीपासून जरा लांब, पायरीवर, गप्प जाऊन बसली. हात झाडले नाहीत, काही नाही. नुसती बघत राहिली. तिने बघितलं, गांधीलमाशी आधी गुळावर येते. मग रांजण ठिबकतो तिथे पाणी पिते. मग वर घरी जाते. कुणाच्याही वाटेला जात नाही.

इतकं निवांत बसलेलं माणूस गांधीलमाश्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांची राणी खाली आली, बकुळेच्या गुडघ्यावर बसली आणि चक्क बोलली.

"पोरी, आमचं काय चुकलं ते तरी सांग. दारात गूळ उघडा होता, पाणी होतं, वर कोरडी सावली होती. आम्हाला वाटलं, आपलाच पाहुणचार चाललाय. कुणी जा म्हणालं नाही, म्हणून राहिलो. तर यजमान ढोल घेऊन आला."

बकुळेला हसू आलं. ती म्हणाली, "मग आता जा म्हटलं तर जाल का?"

"आता कशी जाऊ? पोळ्यात पिल्लं आहेत. थंडी पडली की घर आपोआप रिकामं होईल. तोवर तुझ्या परसातल्या भेंडीवरच्या अळ्या उचलून नेतोच आहोत ना आम्ही पिल्लांना भरवायला? फुकट नाही राहत."

"पण माझं वऱ्हाड इथून यायचंय."

"येऊ दे की. घर हलवू नका, हात झाडू नका, आमच्यातल्या कुणाला चिरडू नका. आम्ही बघणारसुद्धा नाही. तेवढा गूळ मात्र उचल. गूळ समोर असला की माझ्या पोरींना धीर धरवत नाही. अत्तरबित्तर लावूनही कुणी येऊ नका."

बकुळा राजाकडे गेली. म्हणाली, "आबा, गूळ-पाणी विहिरीपाशी आंब्याखाली न्यायचं आणि ढेपेवर झाकण ठेवायचं."

"झाकण? पणजोबा काय म्हणतील?"

"पणजोबा रागावतील. आणि लग्न मोडलं तर मी रडेन. तुम्हाला कुणाचं जास्त वाटतं ते तुम्ही ठरवा."

राजाला राग यायला लागला. पण राग आला की नाक फुलायचं, आणि नाक फुललं की ठणकायचं. म्हणून राजा रागावला नाही. त्याने पितळेचं मोठं झाकण करून घेतलं, आणि वऱ्हाडाला निरोप धाडला की, आमच्याकडे गूळ-पाणी आंब्याखाली, आणि कमानीखालून मात्र मुकाट, अत्तर न लावता यायचं.

आणि असं वऱ्हाड कुणी पाहिलं नसेल. आंब्याखाली पोटभर गूळ-पाणी झालं, आणि मग सगळे मांजराच्या पावलांनी निघाले. घोड्याच्या खुरांना गोणपाट बांधलेलं. ताशेवाल्यांनी काठ्या कमरेला खोचल्या होत्या. बायकांनी बांगड्या कोपरापर्यंत सारून धरल्या होत्या. नवऱ्याच्या मामाला शिंक येत होती, म्हणून मामी त्याचं नाक चिमटीत धरून चालत होती. कमानीखाली राजा हात जोडून उभा. आणि काय केलं होतं त्या राजाने? मुलीचं लग्न म्हणून त्याला राहवलं नाही. मिशीला थोडंसं अत्तर लावलं होतं.

वास गेला वर. एक गांधीलमाशी खाली आली आणि बसली. कुठे? मुक्ते, सांग. हां, नाकाच्या शेंड्यावर. जिथे आधी नांगी लागली होती तिथेच.

सगळे थांबले. सेनापतीचा हात तलवारीकडे गेला. वर सज्जात बकुळा उभी होती, तिने श्वास धरून ठेवला. आता राजाने एक फटका मारला असता तर संपलंच होतं. घोडा उधळला असता, वऱ्हाड पळालं असतं, लग्न गेलं असतं. राजाचे कान लाल झाले. डोळ्यांतून पाणी आलं. सगळा राग त्या नाकावर येऊन ठेपला होता, आणि रागाच्या डोक्यावर गांधीलमाशी बसली होती. राजाने वर सज्जाकडे पाहिलं. लेकीचा चेहरा पाहिला. आणि तो हलला नाही.

गांधीलमाशी शेंड्यावरून नाकाच्या दांडीवर चढली. तिथून खाली उतरून मिशी हुंगली. मग बसल्या बसल्या तिने आपल्या मिश्या साफ केल्या, आणि गेली उडून.

वऱ्हाड आत आलं. घोड्यावरून नवरामुलगा उतरला आणि सासऱ्याच्या कानात म्हणाला, "मी असतो तर पळालो असतो." राजा म्हणाला, "मलाही पळायचंच होतं." मग पार मागच्या चौकात जाऊन ताशेवाल्यांनी काठ्या काढल्या आणि असा ताशा कुटला, की मामाला एकदाची मनसोक्त शिंक आली. राजा लेकीला जवळ घेऊन रडला. नाक दुखत होतं म्हणून नाही.

पाऊस सरला, थंडी पडली, पोळं रिकामं झालं. काठीने अलगद काढलं तर पापडासारखं हलकं. पोळं लटकत होतं तिथली कमानीतली फट चुन्याने बुजवली. पुढे दर चैत्रात पहारेकरी रोज वर बघायचा, आणि बोराएवढं पोळं दिसलं, त्यात पिल्लं नसली, की तेव्हाच काढून टाकायचा. मग गांधीलमाश्या समोरच्या पिंपळावर घर बांधायच्या. ढेपेवर झाकण राहिलं, आणि राजाने हात आखडला असं कुणीसुद्धा म्हटलं नाही. आणि राजा? नाकावर राग आला की तो हात जोडून गप्प उभा राहायचा. बसलाय तर बसू दे, म्हणायचा, उडून जाईल.

तर बकुळा नांदली सुखाने, राजा राहिला सुखाने, गांधीलमाश्या पिंपळावर सुखाने. आता तुम्ही डोळे मिटा, म्हणजे मीही सुखाने पाठ टेकते.

रोहू, झोपलास? नाही ना? मग ऊठ. दुपारी मुरंबा कुणी खाल्ला ते मी विचारत नाही, पण बरणी उघडी आहे. जा, झाकण लावून ये.

लावलंस? घट्ट? ये आता माझ्या कुशीत.